रेटिनॉलने चेहरा भगभगतोय? दाह शमवण्यापासून पुन्हा सुरुवात करेपर्यंत

मुरमं, डाग किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉलचं क्रीम वा सीरम लावायला लागून आठवडा-दहा दिवस होतात आणि एके सकाळी तोंडावर नुसतं पाणी मारलं तरी चरचरतं. नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटलेले असतात, गाल ताणल्यासारखे वाटतात, इतके दिवस काही त्रास न देणारं मॉइश्चरायझरही झोंबायला लागतं. संवेदनशील त्वचेच्या लोकांना असं होण्याची शक्यता बरीच असते. बहुतेकांचा त्रास घरीच आटोक्यात येतो. त्यासाठी काय लावायचं हे पाहण्याआधी काय काय थांबवायचं ते ठरवावं लागतं.

‘जळजळतंय म्हणजे काम करतंय’ हा समज आधी डोक्यातून काढून टाका. रेटिनॉलच्याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन हे अधिक तीव्र, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर ते ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के अशा दोन प्रमाणांत ४८ आठवडे लावून पाहिलं गेलं. सुधारणा दोन्हीकडे सारखीच झाली, त्रास मात्र जास्त प्रमाण लावणाऱ्यांना बराच अधिक झाला. म्हणजे सोसून पदरात जास्त काही पडत नाही. उलट आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगपेशी चेकाळतात आणि दाह ओसरल्यावर त्या जागी तपकिरी-काळा डाग उरतो. पापुद्रे पंधरा दिवसांत जातात, हा डाग फिका पडायला कित्येक महिने लागतात. डाग घालवायला म्हणून आणलेल्या रेटिनॉलनेच नवे डाग पडलेले अनेक चेहरे असेच तयार होतात. म्हणून आग सुरू झाली की त्याच दिवशी थांबायचं.

आग का होते

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल होतं, आणि प्रत्यक्ष काम हे आम्ल करतं. त्याच्यामुळे खालच्या थरातल्या पेशी वेगाने तयार होऊन वर येऊ लागतात. वरचा मृत पेशींचा थर या वेगाला सरावलेला नसतो. तो पातळ आणि सैल होतो, पापुद्र्यांनी सुटायला लागतो, आतलं पाणी उडून जातं आणि एरवी बाहेरच अडवला जाणारा साबण, अत्तर, घाम आत झिरपतो. मिरची ज्या संवेदकामुळे झोंबते, त्याच संवेदकाला रेटिनॉलच्या घराण्यातले पदार्थ थेट चेतवतात. त्यामुळे डोळ्यांना फारसं काही दिसत नसतानाही चेहरा भगभगू शकतो.

हा त्रास साधारण दोन-तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही सुरू होतो, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात शिगेला पोचतो आणि मग त्वचा सरावते. रेटिनॉल बंद केल्यावरही तीन-चार दिवस पापुद्रे सुटत राहतात. वरच्या दिशेने निघालेल्या पेशी अधेमधे थांबत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ‘बंद करूनही वाढतंय’ म्हणून घाबरून नवीन क्रीम आणायला धावू नका.

तुमचा त्रास नेमका कोणता

गोऱ्या त्वचेवर लाली लगेच दिसते. सावळ्या त्वचेवर ती तपकिरी किंवा जांभळट झाक होऊन येते आणि आरशात सहज निसटते. म्हणून स्पर्शावर विश्वास ठेवा. हात धुऊन बोटांची पालथी बाजू गालाला लावा. तिथे कपाळापेक्षा गरम लागतंय का, खरखरीत लागतंय का, की तेल न लावताही ताणून चकाकतंय? ही चकाकी म्हणजे तेज आलं असं वाटतं, पण ते बहुतेक वेळा पातळ झालेल्या वरच्या थराचं लक्षण असतं.

कोरडेपणा, थोडे पापुद्रे आणि मॉइश्चरायझर लावल्यावर मिनिटभर होणारी चुरचुर एवढंच असेल तर त्रास सौम्य आहे. पाण्यानेही चरचरत असेल, आग तासन्‌तास टिकत असेल, बोलताना-हसताना ओठांचे कोपरे फाटत असतील तर मध्यम. दोन्हींवर पुढचे उपाय चालतात.

दोन गोष्टी मात्र यातून वेगळ्या काढायला हव्यात. जिथे एरवी मुरमं येतात तिथेच पहिल्या चार-सहा आठवड्यांत बारीक पुटकुळ्यांचं पीक येणं ही आत दबलेली मुरमं वर येण्याची प्रक्रिया असू शकते. तिच्यात आग फारशी नसते. दुसरी गोष्ट ॲलर्जी. तिच्यात आगीपेक्षा खाज जास्त असते, पापण्या सुजतात, बारीक पाणीदार फोड येतात आणि जिथे उत्पादन लावलंच नव्हतं तिथपर्यंत पुरळ पसरतं. ॲलर्जी बहुतेकदा खुद्द रेटिनॉलची नसून त्या क्रीममधल्या सुगंधाची किंवा टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनाची असते. तसं वाटलं तर ते उत्पादन कायमचं बंद. प्रमाण कमी करून भागत नाही.

पहिली रात्र

आधी सगळं बंद करा. रेटिनॉल तर बंदच, सोबत ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक आम्लं, क जीवनसत्त्वाचं सीरम, बेन्झॉइल पेरॉक्साइड, अल्कोहोलवालं टोनर, स्क्रब, चेहऱ्याचा ब्रश, शीट मास्क हेही. फेसवॉशच्या बाटलीची मागची बाजू वाचा. मुरमांसाठीच्या बऱ्याच फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं आणि तेच लोकांच्या लक्षातून निसटतं. मॉइश्चरायझरच्या घटकांतही युरिया किंवा लॅक्टिक आम्ल दिसलं तर तो डबा सध्या टाचांच्या भेगांसाठी ठेवा.

मग चेहरा धुवा. अंघोळीचं कढत पाणी चेहऱ्यावर घ्यायचं नाही. पाणी कोमटापेक्षाही थंडाकडे झुकणारं असावं. साधा अंगाचा साबण वापरू नका. त्याचा पीएच ९ ते १०च्या घरात असतो आणि त्वचेचा ५च्या आसपास. साबण नसलेला, बिनवासाचा, फेस जवळपास न येणारा क्लेन्झर घ्या, बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवा आणि धुऊन टाका. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं एक तांब्याभर पाणी पिण्याच्या गाळलेल्या पाण्यातलं घ्या, म्हणजे क्षारांचा थर चेहऱ्यावर वाळत नाही. मऊ सुती पंचाने किंवा रुमालाने पाणी टिपा. घासायचं नाही.

आग जास्त असेल तर जुन्या सुती साडीचा किंवा मलमलीचा स्वच्छ तुकडा माठातल्या गार पाण्यात बुडवून पिळा आणि ५ ते १० मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. दिवसातून दोन-तीनदा चालेल. बर्फ थेट लावू नका. पातळ झालेल्या त्वचेला त्याने इजा होते आणि काढल्यावर रक्त उसळून लाली वाढते. घडी काढल्यावर चेहरा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. चेहरा वाळू दिलात तर घडीतलं पाणी उडताना त्वचा आधीपेक्षा कोरडी करून जातं.

मॉइश्चरायझर कोणतं, हा प्रश्न लोक फार ताणतात. बिनवासाचं, लोशनपेक्षा दाट, आणि घटक जितके कमी तितकं बरं. सिरामाइड, ग्लिसरीन, स्क्वालेन, पॅन्थेनॉल, पेट्रोलेटम यांतलं काही दिसलं तर उत्तम. नायसिनामाइड एरवी गुणाचं, पण चेहरा भगभगत असताना काहींना झोंबतं. दहा टक्क्यांचं सीरम तर या काळात नकोच. टी ट्री, लॅव्हेंडर असली सुगंधी तेलं ‘नैसर्गिक’ असली तरी चिडलेल्या त्वचेला सोसत नाहीत.

प्रमाणाला बोटाचं माप वापरा. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात. बहुतेक लोक याच्या निम्म्यावर भागवतात आणि मग मॉइश्चरायझरला नावं ठेवतात. हे दिवसातून तीन-चार वेळा लावायचं आणि चोळायचं नाही, तळव्यांनी दाबून बसवायचं. लावल्यावर मिनिटभर चुरचुरून थांबलं तर ठीक. पाच मिनिटांनीही झोंबतच असेल तर धुऊन टाका आणि दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलियम जेली वापरा. तिच्यात झोंबण्यासारखं काही नसतं.

झोपताना नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालची कड इथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत सगळ्या चेहऱ्यावर ती नको होते, तेव्हा कोपऱ्यांपुरती ठेवली तरी चालतं. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात किंवा एसी लावून झोपणाऱ्यांनी मॉइश्चरायझरवर सगळीकडे पातळ लावली तर सकाळी फरक जाणवतो. ज्यांना मुरमं फार येतात त्यांनी कोपऱ्यांवरच थांबावं.

पुढचे आठ-पंधरा दिवस

सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुवा, क्लेन्झर फक्त संध्याकाळी. दिवसभरात चेहऱ्यावर तीनच गोष्टी लागायला हव्यात: क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. चौथी गोष्ट लावायची इच्छा होईल, ती आवरा.

सनस्क्रीन टाळून चालत नाही, कारण याच काळात डाग बसतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं खनिज सनस्क्रीन सहसा कमी झोंबतं. एसपीएफ ३० ते ५०, तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा. खनिज सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर पांढरट दिसतं म्हणून लोक कमी लावतात. त्यावर रंगछटा असलेलं घेणं हा चांगला उपाय आहे, आणि त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. आपल्या त्वचेत डाग गडद करण्यात त्या प्रकाशाचाही वाटा असतो. पहिले दोन-तीन दिवस कोणतंच सनस्क्रीन सोसत नसेल तर सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात जाऊ नका. जावंच लागलं तर छत्री घ्या. दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधायचा स्कार्फ ऊन अडवतो, पण तोच दिवसभर गालांवर घासत राहतो. तो मऊ सुती असू द्या, सैल बांधा आणि रोज धुवा. हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्याखालीही थोडी पेट्रोलियम जेली लावावी.

पापुद्र्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नाकाच्या कडेला सुटलेल्या पापुद्र्याची एक बाजू मोकळी असते, दुसरी अजून खालच्या त्वचेला चिकटलेली असते. मोकळी बाजू बोटाला लागते आणि ओढावीशी वाटते. ओढली की ती सुटलेल्या भागाशी थांबत नाही, चिकटलेल्या भागाला घेऊन फाटते आणि खाली ओलसर, लालबुंद ठिपका उघडा पडतो. पुढे डाग राहतो तो नेमका तिथे. पापुद्रा फारच दिसत असेल तर त्यावर मॉइश्चरायझर जाडसर लावून दहा मिनिटं मऊ होऊ द्या. ओल्या कापसाने हलकेच पुसल्यावर जे निघेल ते काढा, बाकीचं जागेवर राहू द्या. मोकळी कड कपड्यात अडकत असेल तर छोट्या कात्रीने कापा. पापुद्र्यांवर पावडर किंवा फाउंडेशन लावून झाकायला गेलं की ते आणखी उठून दिसतात.

दाढी करणाऱ्यांनी आठवडाभर ब्लेडऐवजी ट्रिमर वापरावा. न्हाव्याकडे गेलात तर आधीच सांगा: तुरटी नको, आफ्टरशेव्ह नको, मसाज नको. थ्रेडिंग, व्हॅक्सिंग, ब्लीच, फेशियल हे सगळं लांबणीवर टाका. रेटिनॉलने सैल झालेल्या वरच्या थरावर व्हॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर कातडीही सोलली जाते, विशेषतः वरच्या ओठावर. एरवीही व्हॅक्सिंगआधी किमान आठवडाभर रेटिनॉल थांबवायला हवं.

स्वयंपाकघरातली धग, जिममधला घाम, वाफ घेणं यांनीही लाली उसळते. सर्दी झाली असेल आणि वाफारा घ्यावाच लागणार असेल तर आधी गालांवर पेट्रोलियम जेली लावा.

सौम्य त्रास असा आठवडाभरात बसतो. मध्यम त्रासाला दोन ते चार आठवडे लागतात.

घरातले आणि मेडिकलमधले घातक उपाय

आग झाली की घरातून सल्ले येतातच. लिंबू आणि खायचा सोडा तर विचारूच नका: एक तीव्र आम्ल, दुसरा अल्कधर्मी, दोन्ही उघड्या त्वचेवर जळतात. बेसन, मुलतानी माती, चंदनाचा लेप वाळताना पाणी ओढून घेतात आणि काढताना घासावे लागतात. हळदीबाबत लोकांची श्रद्धा मोठी, पण बाजारातल्या हळद पुडीत भेसळ असू शकते आणि हळदीने त्वचा चिडणारेही आहेत. कॅलामाइन लोशनने क्षणभर गार वाटतं, पण त्याची पूड वाळली की सोलवटलेली त्वचा आणखी ताणते. कोरफडीचा गर लावायचा असेल तर पान कापून उभं ठेवा आणि त्यातून निथळणारा पिवळा चीक पूर्ण जाऊ द्या. तो चीक झोंबतो. खोबरेल तेल अंगाला चांगलं, चेहऱ्यावर मुरमं येणाऱ्यांच्या मात्र मुळावर येतं.

याहून कितीतरी गंभीर गोष्ट मेडिकलच्या दुकानात घडते. चेहरा लाल झालाय असं सांगितल्यावर स्टेरॉइडची ट्यूब हातात येते. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस ती लावत राहतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं आणि केस येतात, आणि मलम बंद केलं की दुप्पट आग होते. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरीही ती मिळतात. म्हणून हातात आलेली ट्यूब स्वतः वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

घरात ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून महिनोन्‌महिने वापरात असलेली ट्यूबही याच वेळी तपासा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं त्रिकूट तिच्यात असू शकतं. तसं असेल तर तुम्ही नकळत एकावर एक दोन रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉलच्या घराण्यातले पदार्थ, लावत आहात, आणि स्टेरॉइड सुटण्याचा त्रास वेगळाच. तो या लेखातल्या उपायांनी निभावत नाही, त्वचारोगतज्ज्ञच गाठावा लागतो.

डॉक्टरकडे कधी

चेहरा किंवा पापण्या सुजल्या, पाणी गळायला लागलं, फोड आले, मधाच्या रंगाची खपली धरली, ताप आला, डोळे लाल झाले, किंवा ओठाजवळ बारीक पाणीदार फोडांचा घोस उठून ठणकायला लागला, तर वाट पाहू नका. हे सगळं नसलं तरी सर्व बंद करून दहा दिवसांत जराही आराम पडत नसेल तर दाखवाच. एक्झिमा, रोझेशिया किंवा सेबोऱ्हिक त्वचादाह असणाऱ्यांनी रेटिनॉलचा प्रश्न मुळातच डॉक्टरांना विचारून सोडवावा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वरून रेटिनॉल लावायचं नाही. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल, रेटिनाल, ॲडापलीन, ट्रेटिनॉइन असं या घराण्यातलं सगळंच बंद. अंगावर पाजत असाल तर आधी विचारा.

पुन्हा सुरुवात कधी आणि कशी

घाईने पुन्हा लावणं हीच या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक. कसोटी साधी आहे: सलग सात दिवस पाणी झोंबत नाही, मॉइश्चरायझर झोंबत नाही, बोटाला खरखर लागत नाही. आठव्या दिवसापासून विचार करा.

आधी बाटलीकडे पाहा. ०.५ किंवा १ टक्का असेल तर ती बाजूला ठेवा आणि ०.१ ते ०.२ टक्क्यांची क्रीम घ्या. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांतल्या रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, त्यावरून १ टक्का किती जास्त आहे याचा अंदाज यावा. पाण्यासारख्या पातळ, अल्कोहोल असलेल्या सीरमपेक्षा दाट क्रीम हळू शिरते आणि कमी चिडवते. लेबलवरचे आकडे फसवे असू शकतात. ‘ग्रॅनॅक्टिव्ह रेटिनॉइड २ टक्के’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आत मूळ घटक साधारण ०.२ टक्केच असतो आणि तो रेटिनॉलपेक्षा सौम्य असतो. रेटिनाल म्हणजे रेटिनाल्डिहाइड. ते रेटिनॉलच्या एक पायरी पुढचं, त्यामुळे तेवढ्याच टक्क्याला अधिक प्रभावी. नाव एका अक्षराने वेगळं असल्याने घेताना गफलत होते.

नवीन उत्पादन थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. कोरडेपणा आला तर चालेल. खाज, फोड किंवा पुरळ आलं तर ते उत्पादन तुमच्यासाठी नाही.

मग चेहऱ्यावर, रात्री. चेहरा धुऊन टिपा आणि २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओलसर त्वचेत रेटिनॉल जास्त आणि लवकर शिरतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या खोबणीला पेट्रोलियम जेली लावा. त्यानंतर सगळ्या चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा पातळ थर, दहा मिनिटं थांबून मटाराच्या एका दाण्याएवढं रेटिनॉल. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके ठेवून बाहेरच्या दिशेला पसरवा. नाकावर बोटाला उरलेलं तेवढंच. मानेला या टप्प्यावर लावूच नका, तिथली त्वचा लवकर चिडते. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. दोन थरांमध्ये रेटिनॉल गेल्याने असर थोडा कमी होतो, पण संवेदनशील त्वचेला महिनोन्‌महिने चालू ठेवता येणारी हीच पद्धत आहे. ड्रॉपरच्या बाटलीतून थेट गालावर थेंब सोडायची सवय असेल तर ती मोडा, त्याने मापाचा अंदाज राहत नाही. दोन-तीन थेंब आधी तळहातावर घ्या.

पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मध्ये किमान दोन रात्रींचं अंतर. मंगळवार आणि शनिवार असे वार ठरवले की विसरायला होत नाही. कुरबूर नसेल तर पाचव्या आठवड्यापासून दर तिसऱ्या रात्री, नवव्या आठवड्यापासून एक रात्र आड. तिथेच कायम राहिलात तरी काही बिघडत नाही. रोज लावलंच पाहिजे असा नियम नाही. वार वाढवणं आणि टक्का वाढवणं एकाच वेळी करू नका, नाहीतर पुन्हा चिडल्यावर कशाने चिडलं ते कळणार नाही. आणि बंद केलेली बाकीची सीरमं एकेक करून, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आणि रेटिनॉल नसलेल्या रात्री परत आणा.

दोन थर लावूनही चरचरत असेल तर आणखी एक वाट आहे. रेटिनॉल कोरड्या चेहऱ्यावर ३० मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं आणि मग मॉइश्चरायझर लावायचं. दोन-तीन आठवडे हे सोसलं की वेळ तासाभरापर्यंत न्या. थोडी चुरचुर परत आली तर एक पायरी मागे या आणि दोन आठवडे तिथेच राहा. पाणी झोंबायला लागलं तर मात्र पुन्हा पहिल्या रात्रीपासून.

परिणामाची घाई करू नका. मुरमांवर फरक दिसायला दोन-तीन महिने, बारीक रेषा आणि डागांवर तीन ते सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत आरसा काही सांगत नाही म्हणून मात्रा वाढवणाऱ्यांचाच चेहरा सगळ्यात जास्त भाजतो.

एवढं सांभाळूनही ज्यांना रेटिनॉल सोसत नाही, त्यांनी बाकुचिओल पाहावं. हा बावचीच्या बियांतला घटक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या छोट्या तुलनेत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा यांचा सुरकुत्या आणि डागांवरचा परिणाम सारखा निघाला; पापुद्रे आणि झोंबणं रेटिनॉलवाल्यांमध्ये जास्त होतं. मात्र काष्ठौषधींच्या दुकानातलं बावचीचं तेल आणून चेहऱ्याला चोळू नका. त्यात सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की खरोखर भाजतं.

सणवार, लग्न आणि बाटलीची जागा

लग्न ठरलं की घाईघाईने रेटिनॉल सुरू करणाऱ्या मुली खूप आहेत. लग्नाला तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर नव्याने सुरुवात करू नका. आधीपासून सुरू असेल तर हळदीच्या आठवडाभर आधी थांबवा, कारण हळद पाचजणींच्या हातांनी, तेलात कालवून, घासून लागते. नरकचतुर्दशीच्या उटण्याचंही तेच: अंगाला हवं तेवढं लावा, चेहऱ्याला लावायचंच असेल तर तीन-चार रात्री आधी रेटिनॉल बंद ठेवा आणि उटणं दुधात किंवा तेलात सैल कालवून न चोळता लावा. होळी-रंगपंचमीला कोरडा रंग पापुद्र्यांखाली जाऊन बसतो, म्हणून तेव्हाही चार-पाच दिवसांची सुट्टी, आणि रंग खेळायला जाण्याआधी चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली.

रेटिनॉल उजेडाने, हवेने आणि उष्णतेने बिघडतं. काचेच्या पारदर्शक बाटलीपेक्षा अपारदर्शक ट्यूब किंवा हवाबंद पंप घ्या. बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. उघडल्यावर किती महिने वापरायचं ते बाटलीवर उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेलं असतं. त्यावर मार्करने उघडल्याची तारीख टाकून ठेवा. रंग गडद पिवळा-तपकिरी झाला किंवा वास बदलला तर उरलेलं टाकून द्या, कितीही महाग असलं तरी.